मेलेल्या शेजाऱ्याचा सारा

नमस्कार मंडळी. माझी पणजी सांगायची, घरात उंदीर पडायला लागले की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायला जायचं. तोच प्लेग, ज्याच्या रोग्यांची सेवा करताना १८९७ साली सावित्रीबाई गेल्या. हाच जंतू त्याआधी साडेतेराशे वर्षं रोमन सम्राट जस्टिनियनच्या राजधानीत शिरला होता.

इ.स. ५४१ मध्ये इजिप्तच्या पेलुसियम बंदरात साथ दिसली आणि पुढच्या वसंतात राजधानी कॉन्स्टँटिनोपलला, आजच्या इस्तंबूलला, पोचली. त्या शहराचं पोट इजिप्तच्या धान्यावर चालायचं. गलबतांतून धान्याबरोबर उंदीर आणि पिसवाही उतरल्या असणार. इतिहासकार प्रोकोपियस तेव्हा शहरातच होता. काखेत, जांघेत येणाऱ्या गाठींचं त्याचं वर्णन पणजीच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटतं. दिवसाला ५ हजार, पुढे १० हजार माणसं मेली, असं तो लिहितो. आकडा फुगलेला असेलही. पण पुरायला जागा उरली नाही, तेव्हा खाडीपलीकडच्या तटबंदीच्या बुरुजांची छपरं उचकटून आत प्रेतं टाकली, हे वाचताना मी दर वेळी थांबतो. सम्राटालाही गाठ आली होती; तो वाचला.

प्लेगनं साम्राज्य बुडालं, असं मी म्हणणार नाही. ते पुढे नऊशे वर्षं टिकलं. किती माणसं मेली, यावरही अभ्यासकांत वाद आहेत. मला महत्त्वाचं वाटतं ते साथीनंतर सरकार कसं वागलं. शेतं ओस पडली, पण इटलीत गॉथ या जर्मन टोळ्यांशी लढाई चालूच होती आणि तिला पैसा लागत होता. जे शेतकरी वाचले, त्यांच्याकडून त्यांचा सारा तर घेतलाच, शिवाय मेलेल्या शेजाऱ्याचाही घेतला. हेही प्रोकोपियसच सांगतो. त्याचा जस्टिनियनवर राग होता, हे लक्षात ठेवूनही मला ते खरं वाटतं, कारण ५४४ चा कायदा तसाच आहे: कारागीर, खलाशी, शेतमजूर दुप्पट-तिप्पट मजुरी मागतात, त्यांनी जुन्याच दरानं काम करावं! हात कमी झाले म्हणून कामाचं मोल वाढलं, आणि सम्राटाला तो लोभ वाटला.

५४६ च्या अखेरीस रोम शहर गॉथांनी परत घेतलं. ५५८ मध्ये प्लेग राजधानीत पुन्हा आला आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं साथी येतच राहिल्या.