पाडव्याच्या सकाळचा शेवटचा चेंडू

(दृश्य : पहाटेचा अंधार. कौलारू घर. अंगणात धुऊन उभी केलेली वेळूची काठी.)

२२ मार्च २०२३. गुढीपाडवा.

बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे साडेचारला शेजारची आजी गुढीचा तांब्या चिंचेनं घासत होती. आणि माझ्या सोप्यात, पाण्याच्या कळशीला मोबाइल टेकवून, सहा मुली अंगावर चादरी घेऊन बसल्या होत्या. आमच्या शाळेच्या बेसबॉल संघातल्या मुली. मी त्यांची पी.टी.ची टीचर.

तिकडे मायामीत २१ तारखेची संध्याकाळ होती. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना, जपान विरुद्ध अमेरिका. चित्र अडखळत होतं, मध्येच थांबायचं. थांबलं की मुली विचारायच्या, "टीचर, ह्या जपानी लोकांनी हा खेळ शिकला कुठं?"

त्या सकाळी तुकड्या-तुकड्यांनी जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते.

(दृश्य : लाल मातीचं मैदान. मातीत फक्कीनं आखलेला चौकोन.)

१८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकानं टोकियोत आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात बॅट दिली. शाळेतून सुरू झालेला खेळ तिथं आजही शाळेतच सगळ्यात जीव लावून खेळला जातो. हे ऐकून माझ्या मुली जरा ताठ बसल्या.

पण जपानच्या बेसबॉलची गोष्ट मी नेहमी एका सतरा वर्षांच्या मुलापासून सुरू करते. एइजी सावामुरा. नोव्हेंबर १९३४. अमेरिकेचे नामांकित खेळाडू जपानच्या दौऱ्यावर आले होते, त्यात खुद्द बेब रुथ. शिझुओकाच्या मैदानावर सावामुरा चेंडू टाकायला उभा राहिला आणि त्यानं गेरिंजर, रुथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीनं स्ट्राइक आउट केलं. म्हणजे चौघांपैकी एकालाही चेंडू नीट बॅटवर घेता आला नाही. सामना जपान हरला, एक-शून्य. लू गेरिगनं मारलेला एकच होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेला फटका, नडला. तरी त्या हरलेल्या सामन्याची आठवण जपाननं कितीतरी जिंकलेल्या सामन्यांपेक्षा जास्त जपली आहे.

पुढचं सांगताना माझा आवाज दर वेळी बसतो. सावामुरा सैन्यात भरती झाला. चेंडू टाकणाऱ्या त्या हातानं हातबॉम्ब फेकून फेकून त्याचा खांदा गेला. २ डिसेंबर १९४४ ला त्याचं जहाज अमेरिकन पाणतीरानं बुडवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे; आमच्या गावांत भिंतीवर गणवेशातला फोटो आणि त्याला हार असलेली घरं शोधावी लागत नाहीत. त्यामुळे ही गोष्ट मुलींना समजावून सांगावी लागली नाही. त्या नुसत्या गप्प झाल्या. जपानमधल्या उत्तम पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, १९४७ पासून सावामुराच्या नावाचा पुरस्कार देतात.

मधली वर्षं मी भराभर सांगितली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनी खेळ होता. तिथं जपाननं अमेरिकेला त्यांच्याच मैदानावर ६-३ नं हरवलं. २००६ मध्ये पहिली क्लासिक स्पर्धा झाली. ८६८ होम रन मारणारे सादाहारू ओ संघाचे मॅनेजर होते. त्या स्पर्धेत कोरियानं जपानला दोनदा हरवलं, तरी उपांत्य फेरीत जपाननं कोरियाला ६-० आणि अंतिम सामन्यात क्यूबाला १०-६ असं नमवलं.

(दृश्य : उंच उडालेला चेंडू. खाली ग्लोव्ह उघडून पळणारी मुलगी.)

आता बीजिंग, २००८. इथं मला थांबायलाच हवं.

आमच्या मैदानावर चेंडू उंच उडाला की कुणी "माझा!" म्हणून ओरडते, कुणी "नंदु!" म्हणून. नंदु म्हणजे कन्नडमध्ये माझा. दोन्ही सगळ्यांना कळतं, एकीनं हाक दिली की बाकीच्या थांबतात. आदल्या डिसेंबरमध्ये एका सामन्यात आमच्या लेफ्ट फील्डच्या पोरीनं मोठ्यानं "माझा!" म्हटलं, बाकीच्या थांबल्या, चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये आला आणि सुटला. सामना गेला. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर येईना. घरी गेले तर म्हणाली, "टीचर, मी स्कोअर लिहिते. खेळत नाही."

बीजिंगमध्ये जपानचा जी. जी. सातो हासुद्धा लेफ्ट फील्डलाच होता. ऑलिंपिकची उपांत्य फेरी, समोर कोरिया, नऊपैकी आठवी इनिंग. सोपा झेल सुटला. जपान ६-२ नं हरला. दुसऱ्या दिवशी कांस्यपदकासाठी अमेरिकेशी सामना. मॅनेजरनी सातोला पुन्हा मैदानावर उतरवलं, आणि त्याच्या हातून पुन्हा झेल सुटला. ८-४. पदक गेलं.

हे ऐकून चादरीतून तिनं विचारलं, "मग तिसरा झेल त्याला कुणी दिला?"

मला उत्तर सुचलं नाही. मी पुढचं सांगितलं. बीजिंगच्या त्याच संघात आत्सुनोरी इनाबा खेळत होता. तेरा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२१ ला, योकोहामात जपाननं अमेरिकेला २-० नं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा मॅनेजर इनाबाच होता. ती तारीख आपल्यालाही पाठ आहे. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला टोकियोत सोन्यावर जाऊन पडला. आपण सगळे तिकडं बघत होतो, आणि बघायलाच हवं होतं.

बीजिंगनंतरच्या वर्षीचा जपानचा नामांकित बॅटर इचिरोही मुलींना फार आवडतो. २००९ ची क्लासिक स्पर्धा. अंतिम सामन्यापर्यंत त्याची बॅट रुसलेली. अंतिम सामना पुन्हा कोरियाशी, ३-३ अशी बरोबरी, दहावी इनिंग, दोन बाद. तो चेंडू फाउल करत, म्हणजे रेषेबाहेर मारत राहिला, एकामागून एक. आठवा चेंडू त्यानं मधोमध मारला. दोन धावा. ५-३.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. मुलींचे चेहरे.)

आदल्या पहाटे उपांत्य सामना आम्ही असाच पाहिला होता. मेक्सिको ५-४ नं पुढं. मुनेताका मुराकामी, आदल्या वर्षी जपानच्या लीगमध्ये ५६ होम रन मारणारा तेवीस वर्षांचा मुलगा, त्या दिवशी तीनदा स्ट्राइक आउट झालेला. नवव्या इनिंगमध्ये आधी जपानच्या शोहेई ओहतानीनं फटका मारला आणि डोक्यावरचं हेल्मेट भिरकावून दुसऱ्या बेसकडं धावला. मग मुराकामीची पाळी आली. मॅनेजर कुरियामांनी त्याला बदललं नाही. चेंडू भिंतीवर आदळला, ओहतानी आणि बेसवरचा आणखी एक जण धावत होमला आले, जपान ६-५ नं जिंकला. हा फटका आमच्या स्कोअर लिहिणाऱ्या पोरीनं मोबाइलवर मागं नेऊन चार वेळा पाहिला.

आणि अंतिम सामना. मुराकामीनंच होम रन मारून बरोबरी केली, ओकामोतोनं आणखी एक मारला. नवव्या इनिंगला ३-२. पिचिंगला शोहेई ओहतानी. पँटला माती लागलेली, कारण आत्तापर्यंत तो बॅटिंग करून बेसवर धावत होता. पहिला बॅटर चार चुकीचे चेंडू मिळून चालत बेसवर गेला. दुसऱ्याच्या फटक्यावर दोघं बाद. आता शेवटचा, माइक ट्राउट. ओहतानीचाच तेव्हाचा क्लबमधला सोबती, अमेरिकेचा कर्णधार.

सकाळचे आठ वाजत आले होते. शेजारची आजी हाक मारत होती, "अगं पोरींनो, गुढी उभारायची वेळ झाली!" पलीकडच्या कन्नड घरातली काकू उगादीचं बेवु-बेल्ल घेऊन दारात उभी होती, आपला तोच कडुनिंब-गूळ. तीन बॉल, दोन स्ट्राइक. चेंडू निघाला आणि बॅटजवळ येता येता बाहेर वळला. ट्राउटची बॅट हवेत फिरली. ओहतानीनं ग्लोव्ह फेकला, टोपी फेकली, आणि आमच्या सोप्यात सहा चादरी उडाल्या.

(दृश्य : दुपार. रिकामं मैदान. दूर घरांवर गुढ्या.)

पुरणपोळी खाऊन चारच्या उन्हात मी मैदानावर गेले. ती आधीच आलेली होती. ग्लोव्ह घालून लेफ्ट फील्डला, स्कोअरची वही बाहेर दगडाखाली ठेवलेली.

मी चेंडू उंच उडवला. "माझा!" ती ओरडली. मैदानात दुसरं कुणी नव्हतं, तरी ओरडली.

सुटला.

मी दुसरा उडवला.