सूत आपलं, पैसा कुणाचा?

(काळा पडदा. मागांचा खडखडाट. सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा हळूहळू दिसू लागतो.)

इचलकरंजीकराला हा आवाज ऐकूच येत नाही. बंद पडला, की मात्र झोप उडते.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी उभे राहिले, आणि पंचगंगेकाठच्या या गावाची गल्लीन् गल्ली विणायला लागली.

(कांडी, अगदी जवळून.)

धोट्यातली सुताची कांडी संपत आलीय. कामगार माग थांबवतो, धोट्यातली रिकामी कांडी काढतो, भरलेली बसवतो, दांडा ओढतो. बोलणं चालूच आहे. हाताकडे तो बघतही नाही.

हे आठ माग ज्यांचे, ते बावीस वर्षं खर्चीवाले होते. म्हणजे बीम, उभ्या सुताचा गुंडाळलेला रूळ, व्यापाऱ्याचं, बाण्याचं म्हणजे आडवं सूतही त्याचंच; आपण विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी घ्यायची. वर्षाची मजुरी चौदा लाखांच्या आसपास. अशा मजुरीच्या कामाला जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख, त्यामुळे ती कटकट नव्हती. सीएची गाठ वर्षातून एकदा. बिलं कॅरीबॅगेत भरून न्यायची आणि ‘बघा काय बसतंय ते’ म्हणायचं.

मग त्यांनी ठरवलं, आता सूत स्वतःचं घ्यायचं.

(टेम्पोतून सुताची पोती उतरतात. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगची वाफ. बीम खांद्यावरून गल्लीत येतं.)

इथं आपण जरा थांबू, कारण सगळं इथंच घडतं. सूत आलं, सायझिंगला गेलं, बीम झालं. वहिफणी झाली, म्हणजे उभे धागे वही-फणीतून ओवले, बीम मागावर चढलं. कापडाचे ताके निघाले, घडी झाली, माल व्यापाऱ्याकडे गेला. सुताचे पैसे आठवड्यात द्यायचे. कापडाचे पैसे दोन महिन्यांनी, तेही व्यापाऱ्याच्या मनात असेल तर. सूत उतरल्यापासून पैसा हातात पडेपर्यंत अडीच महिने गेले. महिन्याला सहा लाखांचं सूत लागत असेल, तर पंधरा लाख रुपये कायम बाहेर फिरत राहणार. माग तेच, कामगार तेच. फक्त हे पंधरा लाख नवीन.

हे गणित कुणी त्यांना सूत घ्यायच्या आधी मांडून दाखवलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

(टेबलावर कागद. बोट एका आकड्यावर.)

बँकेत कॅमेरा नेऊ दिला नाही, म्हणून कागदच दाखवतो. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका साधारणपणे पुढच्या वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या 20 टक्के धरतात. महिन्याला आठ लाखांचं कापड, म्हणजे वर्षाला 96 लाख. सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची, मर्यादा एकोणीस लाखांच्या घरात बसू शकली असती. पण हे गेले मागच्या वर्षाची मजुरी घेऊन. चौदा लाखांच्या कागदावर कोण काय देणार? मिळाली ती पाच लाखांची सीसी. त्यात मोह झाला, आणि त्याच सीसीतून दोन जुने माग घेतले. सीसी सूत फिरवायला असते. मागासाठी मुदतीचं कर्ज वेगळं, त्याचा हप्ता वेगळा. पैसा लोखंडात अडकला. सुतासाठी मग खासगी व्याज.

(रिकामी जागा. फरशीवर तेलाचे डाग. निवेदन नाही, आठ सेकंद.)

ते दोन माग भंगारात गेले, किलोवर.

त्यातच राजस्थानातल्या बालोतऱ्याच्या एका व्यापाऱ्याने माल मागितला. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाख, हे त्यांना ठाऊक होतं. माल राज्याबाहेर पाठवायचा तर पहिल्या ताक्यापासून नोंदणी लागते, हे गाडी भरल्यावर कळलं.

(घडी करणाऱ्या बायका. हसतात, कॅमेऱ्याकडे बघत नाहीत.)

सल्लागार म्हणजे विमा विकणारा भाचा नव्हे, आणि वर्षाअखेरी रिटर्न भरून देणारा माणूसही नव्हे. हिशेब ठेवणारा चांगला सीए पुरतो, फक्त त्याच्याकडे पैसा हलायच्या आधी गेलं पाहिजे. मालक स्वतःच सांगतात, ‘‘मार्चला गेलो की साहेब म्हणायचे, आधी यायचं नव्हतं का? आता झाल्यावर मी काय करू?’’

मागच्या वर्षी ते पहिल्यांदा दिवाळीआधी गेले. व्यापारी नव्वद दिवस लावतोय, एवढंच सांगायला. सीएंनी विचारलं, उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी आहे का? लेखी करार आहे का? करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवस, असं 2006चा सूक्ष्म व लघु उद्योगांचा कायदा सांगतो. आणि 2024च्या एप्रिलपासून, वेळेत न दिलेली ही रक्कम व्यापाऱ्याला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकराच्या हिशेबात आपल्या खर्चात दाखवता येत नाही. व्यापाऱ्याला कळणारी भाषा ही. उद्यमचा कागद बिलाला जोडून गेला. आता पैसे साधारण पन्नास दिवसांत येतात. पंचेचाळीस नाही, पण नव्वदही नाही.

(प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद निघतो.)

हे रॅपियरचं, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या मागाचं, कोटेशन. दोन मशीन. विक्रेता म्हणतोय, या महिन्यात सही केली तर दर धरून देतो.

सीएंनी कागद उलटा ठेवला. ‘‘मशीनचं नंतर. आधी सांगा, कापड कुणी मागितलंय?’’

मालक गप्प. मग म्हणाले, ‘‘बघतो की. दोघांना विचारून येतो.’’

कोटेशन पुन्हा पिशवीत गेलं, सही न होता.

(माग सुरू होतो. आवाज वाढत जातो.)