वर्गणीतून उभे राहिलेले चर्च

सभासद बंधुभगिनींनो,

आज मी ज्या सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्चविषयी बोलणार आहे ते आपल्याच फिलाडेल्फियातले आहे, आणि चर्च होण्याआधी ते एक मंडळ होते, म्हणून मला ते विशेष जवळचे वाटते. 12 एप्रिल 1787 रोजी ॲबसलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी इथल्या मुक्त कृष्णवर्णीयांची ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने दरमहा चांदीचा एक शिलिंग वर्गणी द्यायची आणि वर्षभरानंतर त्यातून गरजूंना आठवड्याला 3 शिलिंग 9 पेन्स मिळायचे, असा नियम होता. मात्र ती गरज स्वतःच्या बेफिकिरीने ओढवलेली नसावी, ही पुस्ती जोडायला संस्थापक विसरले नव्हते.

जोन्स यांचा जन्म 1746 साली डेलावेअरमध्ये गुलामीत झाला. त्यांनी पै पै जमवून आधी पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले, कारण कायद्याने मूल आईच्या दर्जाने जन्माला येई. ते स्वतः मात्र 1784 साली मुक्त झाले.

चर्च बांधायला निघाले तेव्हा पंथ कोणता, यावर मतभेद झाले. जोन्स आणि ॲलन दोघेही मेथडिस्ट पंथाकडे झुकलेले, पण बहुमत एपिस्कोपल पंथाच्या बाजूने पडले. जोन्स यांनी ते मान्य केले, ॲलन यांनी पुढे आपले वेगळे चर्च काढले, आणि तरीही दोघांची मैत्री टिकली. मंडळांच्या निवडणुका पाहिलेल्यांना यातले अप्रूप समजेल.

ऑगस्ट 1793 मध्ये छप्पर चढले तेव्हा झाडांच्या सावलीत जेवण झाले. पहिल्या पंगतीला गोरे पाहुणे आणि सुतार बसले व कृष्णवर्णीयांनी वाढले. मग त्याच मेजावर कृष्णवर्णीय बसले आणि गोऱ्यांनी वाढले. त्यानंतर काही दिवसांतच शहरात पिवळ्या तापाची साथ पसरली. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, या डॉ. बेंजामिन रश यांच्या चुकीच्या समजावर विसंबून या लोकांनी रुग्णांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली आणि स्वतःचीही माणसे गमावली. पुढे प्रकाशक मॅथ्यू केरी यांनी पत्रक काढून, काहींनी शुश्रूषेच्या नावाखाली लोकांना लुबाडल्याचा आरोप केला. जोन्स आणि ॲलन यांनी 1794 मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिले, आणि त्या उत्तरात चक्क जमाखर्च मांडला: शवपेट्या किती, मजुरी किती, जमा किती, आणि शेवटी 177 पौंडांहून अधिक पदरमोड. आपल्या खजिनदारांनी तो हिशेब एकदा अवश्य वाचावा.

17 जुलै 1794 रोजी सेंट थॉमस आफ्रिकन एपिस्कोपल चर्चचे लोकार्पण झाले. ‘अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला आहे,’ हे बायबलमधील यशया संदेष्ट्याचे वचन त्याच्या भिंतीवर कोरले होते. बिशप विल्यम व्हाइट यांनी 1795 मध्ये जोन्स यांना डीकनपदाची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा दिली आणि नंतर जोन्स या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. ग्रीक-लॅटिनच्या ज्ञानाची अट त्यांच्यापुरती शिथिल झाली खरी, पण बदल्यात या चर्चला धर्मप्रांताच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवण्याचा हक्क नाकारला गेला, आणि तो मिळायला अमेरिकेचे यादवी युद्ध उजाडावे लागले. चर्च आता ओव्हरब्रुक भागात आहे. जोन्स यांच्या अस्थी तिथेच आहेत, आणि 13 फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन एपिस्कोपल पंथाच्या दिनदर्शिकेत नोंदलेला आहे.