कॉट बेसिसवरच्या कांजिण्या

या मुलाच्या अंगावरचा हा फोड जरा जवळून बघा. खाली लाल आणि वर पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा, बोट लागलं तर फुटेल असा. त्याच्या शेजारी नुसता लाल ठिपका आहे, आणि वर खांद्याकडे एकावर खपली धरायला लागलीय. ठिपका, पाणी भरलेला फोड आणि खपली असं तिन्ही एकाच वेळी एकाच अंगावर दिसलं की डॉक्टर फार विचार न करता सांगतात, कांजिण्या आहेत. पूर्वी देवी यायच्या त्यात एका भागातले फोड सगळे एकाच टप्प्यातले असायचे आणि चेहरा, हात-पाय यांवर जास्त, कांजिण्यांचे फोड मात्र पोटा-पाठीवर जास्त, शिवाय चेहऱ्यावर आणि डोक्यात केसांच्या मध्ये पण, आणि दोन-चार दिवस नवे नवे येतच राहतात.

ही खोली पुण्यातल्या सदाशिव पेठेतली. कॉट बेसिसची, म्हणजे अख्खी खोली नाही तर एकेक कॉट भाड्याने. चार कॉट, प्रत्येक कॉटखाली एक ट्रंक, भिंतीला नकाशे आणि टाइमटेबल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं राहतात इथे, मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून आलेली. दिवसभर अभ्यासिकेत खुर्चीला खुर्ची लावून बसायचं, रात्री मेसमध्ये जेवायचं आणि झोपायला या खोलीत. कांजिण्यांच्या विषाणूला अजून काय पाहिजे? तो हवेतून पसरतो, फोडातल्या पाण्यातून पसरतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अंगावर पहिला ठिपका दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो वाटत फिरत असतो, त्याला स्वतःला नुसती कणकण असते, वाटतं जागरण झालं असेल. ज्याला लागण झाली त्याला फोड यायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणून एकजण बरा होऊन पुस्तकं उघडतो तोवर दुसऱ्याचा नंबर लागलेला असतो.

लोक विचारतात, हा तर लहान मुलांचा आजार ना, तेविशीच्या पोराला कसा काय? आपल्यासारख्या उष्ण हवेच्या देशांत खूप जणांना लहानपणी कांजिण्या होतच नाहीत, त्यातून लांबलांब घरं असलेल्या गावात वाढलेला मुलगा पहिल्यांदा असा गर्दीत येऊन राहतो आणि तिथे त्याला गाठतात. आणि मोठेपणी झाल्या की त्रास जास्त असतो, ताप जास्त, फोड जास्त, फुप्फुसात न्यूमोनिया होण्याची भीती जास्त, सिगारेट ओढणाऱ्याला तर अजून जास्त.

म्हणून या सगळ्या व्हिडिओत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. लहान, एरवी धडधाकट मुलाच्या कांजिण्या बहुतेक वेळा आपल्या आपण बऱ्या होतात, त्याला आराम द्यायचा एवढंच. पण साधारण बारा वर्षांच्या वरचा मुलगा, मोठा माणूस, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असलेला, यांच्यासाठी असायक्लोव्हिर नावाचं औषध असतं आणि ते अंगावर पुरळ दिसल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. कॅन्सरची औषधं चालू असलेला पेशंट, गरोदर बाई आणि नवजात बाळ यांच्या बाबतीत तर घरी वाट बघायचीच नाही, सरळ हॉस्पिटल. म्हणजे 'बघू उद्यापर्यंत काय होतंय ते' असं म्हणण्यात जो दिवस जातो ना, नेमका तोच दिवस कामाचा असतो. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, डोस ते ठरवतील, आणि पाणी भरपूर प्यायचं कारण ते किडनीवाटे बाहेर पडतं.

या मुलाच्या आईचा बीडहून फोन आलाय. "अंगाला पाणी लावू नको बाळा, फोडणीचं खाऊ नको, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव." पाला ठेवायला काही हरकत नाही. मुंबईत माहीमला, पालघरकडे केळव्याला शीतळादेवीची देवळं आहेत, औषधं नव्हती तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिथेच धीर शोधला, त्या श्रद्धेला कुणी हसू नये, आणि आजाऱ्याला वेगळं ठेवायची जी जुनी रीत होती ती तर आजही बरोबरच आहे. फक्त आंघोळ बंद करू नका. कोमट पाण्याने रोज आंघोळ, न घासता, मऊ टॉवेलने टिपून घ्यायचं. घाम आणि मळ साचला की खाज वाढते, खाजवलं की फोड फुटतो, नखातले जंतू आत जातात आणि पू होतो, आणि मग खड्डा राहतो. नखं आजच्या आज कापा, अगदी बारीक. कॅलामाइन लोशनची बाटली नीट हलवून कापसाने लावा, डोळ्यांच्या आत आणि तोंडात जाऊ देऊ नका. रात्री खाजेने झोप लागत नसेल तर डॉक्टर अँटी-अ‍ॅलर्जीची गोळी देतात. तोंडात फोड आले असतील तर मेसचा तिखट रस्सा दोन दिवस राहू दे, मऊ भात, ताक, पेज असं काहीतरी घ्या.

तापाला पॅरासिटामॉल, बस. अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, विशेषतः मुलांना, त्याने रेज सिंड्रोम म्हणून लिव्हर आणि मेंदूवर जाणारा दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार होऊ शकतो. आयबुप्रोफेन पण टाळा, कांजिण्यांमध्ये त्याचा संबंध त्वचेच्या गंभीर इन्फेक्शनशी जोडला गेलाय, आणि अंगदुखीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये ते असतं म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. आणि मेडिकलच्या काउंटरवर जाऊन "अंगावर काहीतरी उठलंय, एखादी ट्यूब द्या" हे तर कृपया करू नका. अशा वेळी हातात पडते ती बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब, आणि कांजिण्यांच्या अंगाला स्टिरॉइड नको असतं.

आता डॉक्टर कोणता. नवीन शहरात आलेल्या पोराला हाच प्रश्न पडतो, तो फोनवर 'स्किन डॉक्टर' टाइप करतो आणि समोर पन्नास पाट्या येतात, स्किन अँड हेअर, लेझर, ग्लो, अमुक तमुक. खरं तर साध्या कांजिण्यांना गल्लीतले एमबीबीएस फॅमिली डॉक्टर पुरतात, लहान मुलाला मुलांचे डॉक्टर. स्किनच्या डॉक्टरची गरज पडते ती नेमकं काय आहे ते कळत नसेल तेव्हा, फोडात पू झाला तर, किंवा नंतर खड्डे राहिले तर. पण घराजवळ पहिल्या दिवशी तेच भेटत असतील तर त्यांच्याकडे जा, २४ तास घालवू नका.

पाटी वाचायला शिका. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची एमडी, तिला डीव्हीएल म्हणतात, म्हणजे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची तशीच पदवी, असेल तरी चालतं, दोन वर्षांचा डिप्लोमा असतो तो डीडीव्हीएल, जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर डीव्हीडी दिसेल. नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नाही. चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर असायला हवा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. खिशात पैसे कमी असतील तर पुणे स्टेशनजवळचं सरकारी ससून हॉस्पिटल आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मुंबईत साथीच्या आजारांसाठी महापालिकेचं कस्तुरबा हॉस्पिटल आहे, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. आणि ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टर व्हिडिओ कॉलवर फुकट भेटतात, कांजिण्यांसाठी तर ही फारच चांगली सोय, कारण खोलीतून बाहेर पडावं लागत नाही.

कुठल्याही दवाखान्यात जायच्या आधी फोन करा. "कांजिण्या वाटतायत, कधी येऊ?" एवढंच विचारा. कारण त्या वेटिंग रूममध्ये बाकावर कुणी सातव्या महिन्यातली बाई बसलेली असेल, कुणाच्या मांडीवर वीस दिवसांचं बाळ असेल. बरेच डॉक्टर अशा पेशंटला शेवटी बोलावतात किंवा बाहेरच तपासतात.

या खोलीच्या खालीच घरमालक राहतात आणि त्यांची सून गरोदर आहे. तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे तिला स्वतःला आठवत नाही, सासूला तर कुठून माहीत असणार. अशा वेळी तिने आजच तिच्या डॉक्टरांना फोन करायचा, रक्त तपासून कळतं, आणि गरज पडली तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन असतं, पण ते सगळं लवकर झालं पाहिजे. गरोदरपणात लस मात्र देत नाहीत.

खोलीतल्या राहिलेल्या तिघांना कांजिण्यांची लस घेता येते. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये ही लस जगापुढे आणली, त्यांच्या स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांचा खूप त्रास झाला होता तो बघून ते या कामाला लागले होते. आपल्याकडे ती सरकारी लसीकरणात नाही, पैसे देऊन खाजगीत घ्यावी लागते, आणि मला वाटतं म्हणूनच इतकी घरं तिच्यापासून लांब राहतात. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याने पेशंटच्या संपर्कात आल्यापासून तीन ते पाच दिवसांत घेतली तरी आजार टळू शकतो किंवा हलका होतो. दुसरा डोस महिनाभराने.

श्वास लागायला लागला, खोकला थांबेना, माणूस गुंगीत जातोय किंवा असंबद्ध बोलतोय, चालताना तोल जातोय, फोडाभोवतीची कातडी लाल, गरम, सुजलेली झाली, ताप चार दिवसांच्या पुढे गेला, तर ई-संजीवनी नाही आणि गल्लीतला दवाखाना पण नाही, रिक्षा करा आणि मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

नाहीतर पाच ते सात दिवसांत सगळ्या फोडांवर खपली धरते आणि नवा फोड यायचा थांबतो. तेव्हा अभ्यासिकेत परत जायला हरकत नाही, खपल्या गळून पडेपर्यंत थांबायचं कारण नसतं. खपली ओढून काढू नका, आपोआप पडू दे. काळे डाग बहुतेक काही महिन्यांत फिके होतात, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, आणि तरीही एखादा खड्डा राहिलाच तर त्यावर ट्रीटमेंट असते, पण ती एमडी स्किन डॉक्टरकडेच घ्या.