जमिनीचा फ्रेम रेट आधी, पाण्याचा नंतर

एकाच फिल्ममध्ये जमिनीवरचं आणि पाण्याखालचं शूट जोडायचं असेल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम्स) घ्यायची, ते कसं ठरवायचं, हे सांगायचंय. एका कासवापासून सुरुवात करते. उथळ पाणी होतं, वरून भरपूर ऊन, मी स्नॉर्कल लावून तरंगत होते आणि खालून ते श्वास घ्यायला वर आलं, अगदी निवांत, एकेक पंख मारत. हाउसिंगमधला, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या डब्यातला, कॅमेरा 30 फ्रेम्सवर होता. बोटीवरचं, किनाऱ्यावरचं सगळं शूट 25 वर. एडिटला बसले, क्लिप 25 च्या टाइमलाइनवर (एडिटमध्ये सगळ्या क्लिप्स जोडायची पट्टी) टाकली आणि कासव झटके खायला लागलं.

काय होतं बघा, 30 चं 25 करायचं तर सॉफ्टवेअर दर सहा फ्रेम्समधली एक फेकून देतं, म्हणजे सेकंदाला पाच वेळा हालचाल उडी मारते. रस्त्यावरच्या गर्दीच्या शॉटमध्ये हे कदाचित कुणाला कळणारही नाही, पण पाण्यातली हालचाल इतकी सलग असते की डोळा लगेच अडखळतो. मग वाटतं की ऑप्टिकल फ्लो लावू, सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम्स स्वतः बनवेल. पाण्याखाली त्यावर फार विसंबू नका. तो प्रत्येक गोष्ट या फ्रेममधून त्या फ्रेममध्ये कुठे गेली ते शोधत असतो, आणि पाण्यात काय असतं, बुडबुडे, तरंगणारे कण, गाळ, उन्हाच्या नाचणाऱ्या जाळ्या. बुडबुडा तर आकारच बदलत असतो, दोन फ्रेम्समध्ये तो तोच आहे हे ओळखणार कसं? मग कडा वितळल्यासारख्या दिसतात.

शेवटी मी त्या क्लिपला सांगितलं की तू 25 चीच आहेस असं समज. एकही फ्रेम गेली नाही, फक्त वेग 83 टक्क्यांवर आला. कासव थोडं सावकाश वर आलं, आणि खरं सांगते, जास्त छान दिसलं. मग तोच उपाय मोबाइलवर 30 ने घेतलेल्या एका मुलाखतीला करायला गेले तर माणूस ओढूनताणून बोलायला लागला, ओठांशी आवाज ठेवायचा तर ते चालणारच नव्हतं.

इथेच मला हे सगळं प्रकरण उलगडलं. जमिनीवरचं फुटेज आवाजाने बांधलेलं असतं, पाण्याखालचं बहुतेक वेळा नसतं. तिथला आवाज आपण एडिटमध्येच लावतो, आणि मासा खऱ्यात किती वेगाने वळला याचा हिशोब बघणारा ठेवत नाही. म्हणून टाइमलाइन जमिनीने ठरवायची. पाण्याला सवलत आहे, तर ती पाण्यातच वापरा.

जमिनीचा रेट कसा ठरवायचा हे पटकन सांगते. घरातल्या, हॉलमधल्या दिव्यांखाली बोलणारी माणसं असतील तर तिथली वीज बघा. वीज 50 हर्ट्झची असेल तर दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, तिथे 25 फ्रेम्स आणि 1/50 शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) बिनधास्त चालतं, लुकलुक दिसत नाही, 60 हर्ट्झ असेल तर 30 आणि 1/60. (कॅमेऱ्यात 30 लिहिलेलं असलं तरी खरा आकडा बहुतेक वेळा 29.97 असतो. वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतलात आणि टाइमलाइन चुकून पूर्ण 30 ची ठेवून क्लिप फ्रेमला फ्रेम लावलीत, तर तासाभरात 3.6 सेकंदांचा फरक पडतो, तेव्हा आधी तपासा.) 24 हवंच असेल तर घ्या, पण मग जमिनीवरचं सगळं 24 च.

आता पाणी. साधा नियम असा की टाइमलाइनच्या नेमक्या दुप्पट शूट करा, 25 ला 50, 30 ला 60. नेहमीच्या वेगाने हवं तर एकाआड एक फ्रेम जाते, झटका नाही, आणि स्लो हवं तर बरोब्बर अर्धा वेग. 25 च्या टाइमलाइनसाठी 60 घेतलं तर ते फक्त स्लोसाठीच कामाचं, नेहमीच्या वेगाला हिशोब 2.4 चा होतो आणि परत तेच झटके.

पण उजेडाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि तो बरोबरच आहे. शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं म्हटलं तर 50 फ्रेम्सला 1/100 लागतं, म्हणजे एक स्टॉप, निम्मा उजेड गेला. उन्हात, बोटीवर त्याचं काही वाटत नाही. 20 मीटरवर, लाल रंग केव्हाच गेलेला, सगळं निळं, तिथे एक स्टॉप म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) दुप्पट आणि निळ्यात सगळीकडे नॉइज, म्हणजे दाणे दाणे. मी तिथे 50 फ्रेम्स घेते आणि शटर 1/50 च ठेवते. प्रत्येक फ्रेमला 25 वर मिळाला असता तेवढाच उजेड मिळतो, आणि एकाआड एक फ्रेम काढली की हालचालीचा ब्लरही (पुसटपणा) अगदी 25 वर घेतल्यासारखाच राहतो, म्हणजे पाण्यातून जमिनीवर कट मारला तरी हालचालीचा पोत बदलत नाही. स्लो केलं तर ब्लर जरा जास्त वाटतो. प्रवाळावर, सावकाश पोहणाऱ्या माशांवर तो खपतो, झपकन वळणाऱ्या थव्यावर नाही. आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवला जाणारा डेटा, वाढवा, कारण तेवढाच डेटा दुप्पट फ्रेम्समध्ये वाटला गेला की कणांनी भरलेल्या पाण्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात.

120 मी फक्त उथळ, उन्हाच्या पाण्यात वापरते. तिथे शटर 1/120 पेक्षा खाली जाऊच शकत नाही, मग खोलवर उजेड आणणार कुठून.

मोबाइलवाल्यांसाठी एकच गोष्ट. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, अंधार पडला की आपोआप कमी करतो. ती फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, मगच एडिटमध्ये टाका, नाहीतर आवाज हळूहळू सरकत जातो.

आता उरला तो अर्धा पाण्यात, अर्धा वर असा शॉट. डोमच्या, म्हणजे हाउसिंगच्या पुढच्या गोल काचेच्या, मधोमध पाण्याची रेघ, वर बोट, खाली प्रवाळ. इथे दोन वेगळे रेट लावताच येत नाहीत. बोटीवर कुणी बोलत असेल आणि ते ऐकू यायला हवं असेल तर मी सरळ टाइमलाइनचाच रेट लावते. कुणी बोलत नसेल तर 50 फ्रेम्स आणि शटर 1/100, उजेड तिथे भरपूर असतो, आणि अर्ध्या वेगाला ती पाण्याची रेघ डोमवरून वर चढताना बघा, वरचं शिंतोड्यांचं जग आणि खालचं शांत जग एकाच चालीने हलतं.