सांध्याविना चालणारे यंत्र

[दृश्य : वायरकट यंत्र, ठिणग्या]

पाण्यात बुडालेल्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार हळूहळू पुढे सरकत आहे. तार धातूला टेकत नाही. मधल्या फटीत पडणाऱ्या ठिणग्याच धातूचे कण उडवून तिला वाट करून देतात. या जॉबमध्ये, म्हणजे घडवल्या जाणाऱ्या ठोकळ्यात, पुढे एकही स्क्रू, पिन किंवा बेअरिंग बसवायचे नाही, तरीही त्याचा मधला भाग सरकणार आहे.

[दृश्य : ठोकळा हातात]

मधला मंच बाहेरच्या चौकटीला दोन समांतर पट्ट्यांनी जोडलेला आहे. प्रत्येक पट्टी ५० मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर जाड आहे. बोटाने दाबताच पट्ट्या वाकतात, मंच एक मिलिमीटर सरकतो आणि बोट काढताच जागेवर परततो. सांधाच नसल्यामुळे इथे सांध्यातला खेळ, म्हणजे ढिलेपणा, नाही, घासणारे पृष्ठभाग नाहीत आणि वंगणाची गरजही नाही.

या पट्टीचे माप अंदाजाने ठरत नाही. जाडी निम्मी केली किंवा लांबी दुप्पट केली, तर दोन्ही वेळा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. पण तेवढ्याच सरकण्यासाठी पट्टीच्या मुळाशी येणारा ताण पहिल्या उपायाने निम्मा होतो आणि दुसऱ्या उपायाने एक चतुर्थांश उरतो, म्हणून जागा असेल तिथे लांबी वाढवणेच श्रेयस्कर ठरते. मुळाशी दिलेली ही गोलाईसुद्धा ताण एका कोपऱ्यात साचू नये यासाठीच आहे.

पट्टी फार वाकू लागली की ही साधी सूत्रे अपुरी पडतात. त्यासाठी अमेरिकेत लॅरी हॉवेल आणि अशोक मिधा या संशोधकांनी १९९०च्या दशकात एक सुंदर युक्ती विकसित केली. एका टोकाला पक्क्या आणि दुसऱ्या टोकावर भार घेणाऱ्या पट्टीऐवजी ताठ दांडा धरायचा आणि मोकळ्या टोकापासून लांबीच्या सुमारे ८५ टक्के अंतरावर स्प्रिंग लावलेली काल्पनिक बिजागरी मानायची. त्यामुळे ताठ दांड्यांसाठी शिकलेले सगळे गणित इथेही लागू पडते. आपल्या अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात यंत्राचे दांडे ताठच धरलेले असतात. त्याच तासाला आणखी एक पाऊल टाकले, तर विद्यार्थ्यांना वाकणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रांचा हा विषय सहज खुला होईल.

[दृश्य : डायलचा काटा]

आता पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने लावलेल्या, बारीकशी हालचाल मोजणाऱ्या या डायलकडे पाहा. मंच एक मिलिमीटर सरकताना काटा १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हलला, कारण वाकलेली पट्टी चौकटीकडे किंचित ओढली जाते. यावर उपाय म्हणून मध्ये एक मोकळा तुकडा ठेवून पट्ट्यांची दुसरी जोडी उलट दिशेने जोडतात. मोबाइलची हालचाल टिपणाऱ्या त्वरणमापकातही सिलिकॉनच्या अशा दुमडलेल्या पट्ट्या वापरल्या जातात.

पट्टी वारंवार वाकून थकली आणि तुटली, तर मात्र पूर्ण तुकडाच बदलावा लागतो.

[दृश्य : दुसरा ठोकळा, तोच डायल]

हा ठोकळा दुहेरी पट्ट्यांचा आहे. मंच पुन्हा एक मिलिमीटर सरकला आहे आणि काटा शून्यावरच आहे.