मधला थर

(दृश्य: विहिरीचा काठ, सकाळचे सात)

वेंगुर्ल्याजवळचं घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. घट बसायला आठ दिवस उरलेत आणि घरातली अंथरुणं-पांघरुणं अजून धुवायची आहेत. पहिला मान गोधडीचा.

चार महिने पावसाळाभर ट्रंकेत होती. उलगडली की कुबट वास येतो, कडेला बुरशीचे काळे ठिपके. वर-खाली नऊवारी, मध्ये जुनं धोतर आणि तुकडे किती, ते शिवणारीलाच ठाऊक. लाल तुकडा रंग सोडतो का? ओला पांढरा रुमाल त्यावर दाबला की कळतं. हा सोडत नाही.

रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून घेतलेत. ते पाणी निवलं की त्यात गोधडी अर्धा तास बुडवायची, मग पायांनी तुडवायची. धोपटणं नको, कापड जुनं आहे. वॉशिंग मशीनमध्येही घालून पाहिली होती एकदा. भिजून एका बाजूला गोळा झाली आणि मशीन न्हाणीभर नाचलं.

खळखळून धुवायची, रिठ्याचा फेस संपेपर्यंत. सून पिळायला जाते, तशी आजी ओरडते, "पिळू नको गो, टाको तुटतलो!"

म्हणून ती गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणावर, निथळत ठेवायची. खाली जुनी चादर हवीच, नाहीतर जांभ्याची लाली ओल्या सुताला लागते.

(दृश्य: गोधडीवरचा तपकिरी पट्टा, अगदी जवळून)

हा पट्टा मागच्या वर्षीचा. तारेवर वाळत घातली होती. खाऱ्या वाऱ्याने तार गंजलेली, गंज उतरला कापडात. लिंबू-मीठ चोळून फिका झाला, गेला नाही. आता हातभर अंतरावर दोन आडवे बांबू बांधलेत, तेही घराच्या मागच्या बाजूला. समुद्राकडून येणारा वारा कापडावर मीठ ठेवून जातो आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं.

धुणं तासाभराचं. वाळवणं मात्र दिवसाच्या भरवशावर. दर दीड-दोन तासांनी बाजू पालटायची, नाहीतर एकाच अंगाचा रंग उडतो.

तीन वाजता घाटाकडून ढग चढतात. परतीचा पाऊस. सगळे धावतात, गोधडी ओटीवर येते. वरून कोरडी, उन्हाने कडक झालेली. आजी घडीत हात घालते, मग तळवा गालाला लावते. मधला थर अजून गार आहे.

"उद्या परत," ती म्हणते, आणि दोन खुर्च्यांच्या पाठींवर गोधडी पसरते.